शांत असतानाचा करंट

सेकंड इयरला होस्टेलच्या गणपतीसाठी आम्ही अ‍ॅम्प्लिफायर बनवला. आम्ही म्हणजे मी आणि माझा रूम पार्टनर. "भाड्याने कशाला आणायचा? इलेक्ट्रॉनिक्सची पोरं ना आपण!" असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे मीच बोललो होतो. वर्गणीतून पैसे मिळाले. पुण्याला जाऊन पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सामान आणलं. आउटपुटला 2एन3055 आणि एमजे2955 ची जोडी, ड्रायव्हर बीडी139 आणि बीडी140, सप्लाय अधिक-उणे 25 व्होल्ट. सर्किट माझं, सोल्डरिंग पार्टनरचं. स्पीकर त्याने गावाहून आणला. तो त्यांच्या भजनी मंडळाचा होता, वडिलांच्या शब्दावर मिळालेला.

वेगळ्या ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. या जोडीतला एक ट्रान्झिस्टर आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. पण बेसला साधारण 0.6 व्होल्ट मिळेपर्यंत ट्रान्झिस्टर जागाच होत नाही. त्यामुळे एकाने सोडलं आणि दुसऱ्याने अजून धरलं नाही, असा एक क्षण येतो आणि लाट तिथे मोडते. हेच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. मोठ्या आवाजात ते खपून जातं, बारीक आवाजात मात्र खरखर ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे बायस. गाणं बंद असतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवायचा, म्हणजे दोघेही अर्धवट जागे राहतात. दोन ड्रायव्हर आणि दोन आउटपुट, असे चार जंक्शन धरून आम्हाला साधारण 2.4 व्होल्ट बायस लागत होता. तो कमी-जास्त करायला एक प्रीसेट होता.

पार्टनर जपून काम करणारा. आउटपुटच्या एमिटरला लावलेल्या 0.22 ओहमच्या रेझिस्टरवर मीटर धरून त्याने 2 मिलिव्होल्ट सेट केले, म्हणजे जेमतेम 10 मिलिअँपियर. मग प्रीसेटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "आता कुणी हात लावायचा नाही," म्हणाला.

स्थापनेच्या आदल्या रात्री दोन वाजता मी एकटाच बासरीची कॅसेट लावून बसलो होतो. बारीक आवाजात सूर फाटत होता. उद्या सगळे ऐकणार, रेक्टर सर ऐकणार! मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आवाज स्वच्छ होईपर्यंत प्रीसेट फिरवला. मीटर लावला नाही. पार्टनरला उठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर झकास वाजला. संध्याकाळी हॉल भरला. आमचा डबा कुणीतरी क्रेप कागदाने सजवला होता, त्यात हीट सिंकही झाकला गेला. आरती अर्ध्यावर आली आणि जळका वास सुटला. स्पीकरमधून जोरात 'धप्' झालं आणि पुढे काहीच नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले होते. त्यांच्यामागोमाग सप्लायचा डीसी थेट स्पीकरमध्ये गेला आणि भजनी मंडळाची कॉइल जळली. उरलेली आरती पोरांनी टाळ्यांवर म्हटली.

"माझंच सोल्डरिंग कुठेतरी ड्राय राहिलं असणार," पार्टनर म्हणाला. मी गप्प बसलो. पुढचे चार दिवस तो भिंग घेऊन एकेक जॉइंट तपासत होता. घरी फोन करून वडिलांनाही त्याने तेच सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

पाचव्या दिवशी आम्ही बोर्ड घेऊन लॅबमधल्या काकांकडे गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "सोल्डरिंग चांगलंय रे," म्हणाले, "पण हा बायसचा ट्रान्झिस्टर बोर्डवर का? हीट सिंकवर का नाही?" मग समजावून सांगितलं. ट्रान्झिस्टर एक डिग्री तापला की त्याला लागणारं बेसचं व्होल्टेज साधारण 2 मिलिव्होल्टने उतरतं. बायस मात्र तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो. 25 डिग्रीचा फरक म्हणजे 50 मिलिव्होल्ट आणि एमिटरचा रेझिस्टर आड आला नाही तर तेवढ्याने करंट सहा-सात पट होतो. पुस्तकातल्या 'थर्मल रनअवे'वर मला दहापैकी आठ मार्क होते!

मग त्यांचं बोट प्रीसेटवर थांबलं. नेलपॉलिशची चीर सरकलेली होती. "हा कुणी फिरवला?"

पार्टनरने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं.

होस्टेलपर्यंत तो काही बोलला नाही. जिन्यात थांबून म्हणाला, "फिरवलास त्याचं काही नाही रे. चार दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो, ते तू बघत होतास."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

कॉइल भरण्याचे पैसे मी मेसच्या पैशांतून दिले. गावाला दोघं मिळून गेलो आणि त्याच्या वडिलांना खरं काय ते मी स्वतः सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी जेवून घ्या."

दिवाळीनंतर अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा बांधला. बायसचा बीडी139 अभ्रकाची चकती घालून थेट हीट सिंकवर बसवला. आता आउटपुट तापले की तोही तापतो आणि बायस आपोआप उतरवतो. प्रीसेटची जागाही बदलली. आधी त्याचा मधला पाय थेट बेसला होता. तो पाय धुळीने उचलला गेला असता तर बायसचा ट्रान्झिस्टर बंद पडून आउटपुट पूर्ण उघडले असते. आता प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मध्ये आहे. संपर्क तुटलाच तर बायस कमी होतो, आवाज थोडा खरखरेल, पण जळणार काही नाही. "बिघडायचंच असेल तर सुरक्षित बाजूला बिघडू दे," हे काकांचं वाक्य.

पहिल्यांदा चालू करताना मेनमध्ये 100 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. क्षणभर उजळला आणि मंद झाला. अर्धा तास तापू दिल्यावर पार्टनरने मीटर धरला, मी प्रीसेट फिरवला. 11 मिलिव्होल्ट, म्हणजे 50 मिलिअँपियर. नेलपॉलिशही त्यानेच लावली.

अ‍ॅम्प्लिफायर अजून होस्टेलच्या कॉमन रूममध्ये आहे. ज्युनियर्सना एकच विनंती. प्रीसेट फिरवायला हरकत नाही. फक्त मीटर लावून फिरवा, आणि पार्टनरला उठवून.