गरम रोडगा

मेहकर रोडवर शेतातच एक जेवणाचं ठिकाण झालंय. तिथं रोडगे आरातून काढतात, फडक्यानं राख झटकतात आणि थेट ताटात ठेवतात. गेल्या महिन्यात आमचा बायकांचा घोळका तिथं गेला होता. वाढणाऱ्या पोरानं माझ्यासमोरचा रोडगा दोन्ही हातांनी फोडला आणि आतून भपकन वाफ आली. गोवरीचा वास, भाजल्या गव्हाचा वास, ओव्याचा वास. त्यानं तूप सोडलं, मी मात्र हात आवरून बसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय झालं वो ताई?" मी म्हटलं, "काही नाही. गरम आहे."

साठीकडे आलेली वऱ्हाडातली बाई, आणि रोडगा गरम असतो म्हणून थबकली, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण आमच्या घरात रोडगा यायचा तो संध्याकाळी, टॉवेलात बांधून, गार झालेला.

बाबा घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं भरून घेत नसत. पण गहू घरात आला की त्यांच्या मित्रमंडळींचं शेतात रोडग्याचं ठरायचं. मारुतीला नैवेद्य दाखवायचा आणि आंब्याखाली बसून जेवायचं. तयारी मायची. गहू जाडसर दळून आणायचा. चक्कीवाल्याला "रोडग्याचं आहे" एवढं सांगितलं की त्याला कळायचं. हळद, मीठ, ओवा, काळा मसाला यांच्या पुड्या, तुरीची डाळ, काटेरी वांगी, तेल, तुपाची बरणी, घासून ठेवलेली पातेली. सगळं बैलगाडीत चढलं की बाबा निघायचे. भाऊ सोबत जायचा. "पोरींचं काय काम तिथं?" हे मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे विचारणंच सोडून दिलं.

शेतातले बाबा मला माहीत आहेत ते भावाच्या तोंडून. ते स्वतः कणीक मळत. एकावर एक पदर ठेवून, मध्ये तेलाचं बोट फिरवून गोळा वळत. गोवऱ्यांचा जाळ बसला, नुसता लाल आर उरला की गोळे त्यात सोडत आणि बोटं फुंकत फुंकत हातानंच फिरवत. वांग्याची भाजी तेच टाकत. पहिला घास मित्रांनी खाल्ला की "कसं झालं?" म्हणून विचारत. घरात मायला हा प्रश्न विचारायची वेळ कधी कुणावर आलीच नाही.

संध्याकाळी टॉवेल सुटायचा. रोडगे तोवर दगड झालेले. माय पाटा पुढे ओढायची, त्यावर रोडगा ठेवायची आणि वरवंट्यानं ठेचायची. तो ठक् ठक् आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही. मग उरलेलं वरण ती ऊन करायची, आम्हाला कुस्करून द्यायची, आणि सगळ्यात शेवटी परातीतला चुरा गोळा करून स्वतः खायची. खाता खाता म्हणायची, "तुमच्या बाबांच्या हाताला चव हाय." या वाक्याचा मला कित्येक वर्षं राग होता. पुढे शिवारात सोयाबीन आलं, ज्वारी हटली, गोठे रिकामे झाले, गोवऱ्या थापणारे हात राहिले नाहीत, तो आंबाही तुटला. बाबांची मंडळी एकेक करून गेली. राग मात्र राहिला.

आमचा घोळका निघाला तो भिशीतून. आमच्या बीबी गावात बायकांची भिशी जुनीच आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिनं पैसे घ्यायचे आणि सगळ्यांना घरी बोलवायचं. बोलवायचं म्हणजे रांधायचं. जिची भिशी लागली ती सकाळपासून चुलीशी. आम्ही गप्पा मारून, खाऊन, कुंकू लावून घेऊन निघायचो. ती भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून उरलंसुरलं खायची. तिच्या आनंदाचा दिवस म्हणायचा तो. अंगणवाडीत काम करणाऱ्या ताईंनी एकदा सरळ विषय काढला, "पैसे भेटतात, पण दिवस चालला जाते. आपण बाहेरच जाऊ ना जेवाले."

सगळ्या गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "घरी काय सांगायचं?" देवदर्शन चाललं असतं. बचत गटाची मीटिंग चालली असती. दवाखाना तर केव्हाही चालतो. चांगलंचुंगलं खावंसं वाटतं म्हणून बाई घराबाहेर पडली, हे कारण मात्र आमच्यातल्या कुणीही आजवर दिलेलं नव्हतं.

इथं मला दादोबा पांडुरंग तर्खडकर आठवतात. बीबीच्या भिशीला त्यांच्याशी जोडणं ओढूनताणून वाटेल, तरी जोडते. 1849 साली मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. जात मोडायची तर आधी पंगत मोडली पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सभा गुप्त होती. सभासद होणाऱ्यानं ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव सभेत सर्वांसमक्ष खायचा, अशी तिची रीत. ज्यांचं मराठीचं व्याकरण 1836 सालीच छापून आलं होतं, त्या विद्वानाच्या मंडळींना पावाचा तुकडा दार लावून खावा लागत होता. 1860 साली सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार या धास्तीनं सभा मोडली. त्यांच्यातलेच काही पुढे 1867 सालच्या प्रार्थना समाजात गेले. त्यानंतर 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून उठलेलं वादळ प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्याच्याही पुढे अनंत हरी गद्रे झाले. त्यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले, अस्पृश्य मानलेल्या जोडप्यांना पूजेला बसवलं आणि त्यांच्या हातचा प्रसाद इतरांना घ्यायला लावला.

ही माणसं मला फार मोठी वाटतात. शेजारी कोण बसेल आणि कुणाच्या हातचं खायचं, यासाठी त्यांनी बोल खाल्ले, बहिष्कार सोसले. माझा जीव अडकतो तो आणखी एका ठिकाणी. पंगत उठते, पत्रावळी उचलल्या जातात, आणि मग स्वयंपाकघरात एक बाई मांडी घालते. तिच्यासाठी कुणी सभा काढली नाही.

आमचं जमलं त्याला एक बाहेरचं कारणही झालं. बीबी जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर आहे. मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, सिंदखेडराजा असा तो रस्ता. त्यावर रात्रंदिवस ट्रक आणि ट्रकवाल्यांसाठी धाबे. बाजांवर आडवे पडलेले ड्रायव्हर, आडोशाला बाटल्या. तिथं बाईनं पाय ठेवायचा नसतो, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, 5 जून 2025 ला शेवटचा टप्पाही खुला होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. लांब पल्ल्याची वाहनं तिकडं वळली. इकडचे काही धाबे बसले. ज्यांना टिकायचं होतं त्यांनी बाजा उचलल्या, टेबलं मांडली, दिवे वाढवले आणि फलकावर 'फॅमिली' असं रंगवून घेतलं. धंदा बुडालेल्यांसाठी जीव हळहळतो. पण आमच्यासाठी जागा झाली ती त्यातूनच, हेही खरं.

त्या 'फॅमिली'च्या पाटीवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. आम्ही पहिल्यांदा एका धाब्यावर उतरलो तेव्हा गल्ल्यावरच्या माणसानं आमच्या पाठीमागं पाहिलं. "जेन्ट्स मागून येऊन राहिले का?" नाही म्हटल्यावर त्यानं पडदा लावलेल्या खोलीकडं बोट केलं. आत खिडकी नव्हती. कोपऱ्यात कांद्याची पोती. बाहेर मोकळ्यावर छान वारा सुटलेला. "तिकडं जेन्ट्स बसतात," तो म्हणाला. अंगणवाडीच्या ताईंनी पिशवी बाहेरच्या टेबलावर ठेवली. "आमी बी पैसे देऊनच जेवणार आहोत ना भाऊ?" एवढंच बोलल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्यामागं आम्ही.

मग मेनूकार्ड आलं. खरी अडचण तिथं. "काय घेणार?" याला उत्तर काय, तर "काहीही चालेल." दुसरी म्हणाली, "सगळ्या घेतील ते." तिसरीनं कार्ड न बघताच पुढं सरकवलं. शेवटी पाटोडीचा रस्सा, शेवभाजी, भाकरी, ठेचा असं ठरत आलं. किराणा दुकान चालवणाऱ्या काकू मात्र कार्ड हातात धरून बराच वेळ वाचत होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला ना, भेंडी आवडते. आमच्या घरी कोणीच खात नाही, म्हणून मी करत नाही."

लग्नाला चाळीस वर्षं झालेली ही बाई. घरात कुणाला काय पचतं, कुणाला कशानं पित्त होतं, नातवाला कोणत्या भाजीतला टोमॅटो चालत नाही, सगळं तोंडपाठ. त्यांच्यासाठी एक प्लेट भेंडी सांगितली. लांब चिरलेली, कुरकुरीत तळलेली, वर आमचूर. त्यांनी ती सावकाश, एकेक काप उचलत खाल्ली. आम्हाला कुणाला "घ्या ना" म्हटलं नाही. शेवटचा कापही त्यांनीच खाल्ला. कितीतरी चांगली जेवणं मी पाहिली आहेत, पण त्या प्लेटीइतकं मला काही आवडलेलं नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी मायला काय आवडायचं ते आठवत बसले.

माय शेगावची भक्त. 23 फेब्रुवारी 1878 ला गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, ही कथा आमच्या जिल्ह्यात पोरांना अक्षरं यायच्या आधी येते. आमच्या ताटात उरलेलं माय गोळा करून खायची आणि हीच कथा सांगायची. अन्न हे परब्रह्म. माझीही त्यावर श्रद्धा आहे. पण महाराजांनी ती शितं आपल्या मर्जीनं वेचली, त्यांना कुणी शेवटच्या पंगतीला बसवलं नव्हतं. हा फरक माझ्या लक्षात आला तेव्हापासून, उष्टं-उरलेलं खाऊन उठणाऱ्या बाईला कुणी अन्नपूर्णा म्हटलं की मला ते सहन होत नाही.

आठवता आठवता हिवरा आश्रम आठवला. मेहकर तालुक्यात शुकदास महाराजांनी विवेकानंदांच्या नावानं हा आश्रम उभा केला. दर पौषात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो आणि शेवटी महापंगत बसते. लाखांवर माणूस उघड्या रानात ओळींनी बसतं. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येते आणि स्वयंसेवक ओळीओळीनं वाढत जातात. बायका, पुरुष, सगळे एकाच वेळी. नंतरची पंगत नाही. माय जमेल त्या वर्षी जायची. तिचं बाहेरचं जेवण आयुष्यभर ते एकच.

घरी कधी दुसऱ्यांदा न घेणारी माय तिथं भाजी मागून घ्यायची. वाढणारा अनोळखी पोरगा वाकून म्हणायचा, "घ्या माय, अजून घ्या." ती घ्यायची. पदर खोचून, ऊन भाजीत पुरी बुडवून, कुणाकडं न बघता जेवायची. परतीच्या वाटेवर कीर्तनाबद्दल नाही, गर्दीबद्दल नाही, भाजीबद्दल बोलायची. यंदा मसाला नीट भाजला होता. वांगी कोवळी होती, पण देठं जरा जास्त ठेवली. मागच्या खेपेला खोबरं करपलं होतं, आता नाही. हजारोंसाठी रांधलेल्या भाजीतलं करपलेलं खोबरं तिच्या जिभेला कळत होतं.

माय दर्दी होती. खाण्यातली पक्की जाणकार. तिला कुणी "कसं झालं?" विचारलं नाही, म्हणून ते आम्हाला कळलं नाही. मग ते जुनं वाक्य मला वेगळं ऐकू आलं. "तुमच्या बाबांच्या हाताला चव हाय" हे नवऱ्याचं कौतुक नव्हतं, आणि मला वाटायचं तसं ते सोसणंही नव्हतं. गार पडलेल्या, ठेचून चुरा केलेल्या रोडग्यातून तिनं पदर किती नीट पडलेत, आर किती बेताचा होता हे ओळखलं होतं आणि निकाल दिला होता. तो बरोबर असणार. गरम असताना खायला मिळाला असता तर तिनं काय काय सांगितलं असतं! माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्यासारख्या चार जणी तेव्हा गावात नक्की होत्या. त्यांना एकत्र बसून जेवता आलं असतं, बोलता आलं असतं. हिवऱ्याची भाजी कुणाला किती कळली यावर त्या रात्रभर भांडल्या असत्या.

आता आमच्यात भिशीबाहेरच्याही बायका येऊ लागल्या आहेत. दुसरबीडहून दोघी येतात. एक नवी सून येते, तिची सासूच तिला आणून सोडते आणि मग स्वतःही बसते. "काहीही चालेल" म्हणायला आमच्यात मनाई आहे. वेळ लागला तरी चालतो, पण जिनं तिनं आपलं सांगायचं. बिल जिचं तिनं द्यायचं. ज्यांना अडचण असते त्यांचं बाकीच्या वाटून घेतात आणि त्यावर बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात लोणारला जायचं आहे. आधी तिथल्या झऱ्याच्या धारेवर, मग सरोवराच्या काठावरून थोडं फिरून जेवायला.

बीबीतल्या, आसपासच्या गावांतल्या कुणा बाईला यायचं असेल तर तिनं जरूर यावं. घरचं आवरून या, नाही आवरलं तरी या. घरी कारण विचारलं तर जेवायला चालले असंच सांगा. जेवून मात्र येऊ नका.