फळी आणि पंगत

वर्गातील काळा बोर्ड, दुकानाच्या दारावरील बोर्ड, कॅरमचा बोर्ड, दहावीची बोर्डाची परीक्षा आणि परगावच्या मुलांचे बोर्डिंग. शब्द एकच, पण त्याने किती वेगवेगळी कामे पत्करली आहेत! पहिल्या तीन वस्तूंचे नाते सहज ध्यानात येते. त्या तिन्ही मूळच्या लाकडी फळ्या होत. परंतु परीक्षेचा आणि फळीचा संबंध काय? आणि पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या, जेवणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘बोर्डर’ का म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे एक हजार वर्षे मागे जावे लागते. त्या काळच्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी. मोठ्या घरांत एक प्रशस्त दालन असे. दिवसभर तेथे कामकाज चाले आणि रात्री तेथेच कित्येक जण झोपत. अशा ठिकाणी जड मेज कायमचे मांडून ठेवणे सोयीचे नसे. म्हणून जेवणाची वेळ झाली, की लाकडी आधार उभे करून त्यांवर लांब फळ्या टाकीत आणि जेवणे उरकली, की त्या उचलून भिंतीशी ठेवीत. फळी मांडली, की जेवण आले, असा नित्याचा अनुभव होता. त्यामुळे ‘बोर्ड’ हा शब्द प्रथम मेजासाठी आणि पुढे मेजावरील अन्नासाठीही वापरला जाऊ लागला.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. मराठीनेही हेच केले आहे. ‘पाने मांडा’ असे आजी म्हणते, तेव्हा झाडाची पाने तिच्या मनात नसतात. ‘लग्नात दोनशे पाने झाली’ म्हणजे दोनशे माणसे जेवली. तसेच ‘भावांनी चुली वेगळ्या केल्या’ म्हणजे संसार वेगळे केले. जेवणाशी जडलेली वस्तू स्वतःचे नाव जेवणाला आणि घराला देऊन टाकते, ही रीत सर्व भाषांत थोडीफार आढळते.

फळीचा अर्थ जेवण असा झाल्यावर पुढची पायरी दूर नव्हती. ठरावीक मोबदला देऊन दुसऱ्याच्या मेजावर नित्य जेवणारा, बहुधा तेथेच राहणारा, तो ‘बोर्डर’. सोळाव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत या अर्थाने आढळतो. ज्या शाळेत विद्यार्थी राहतात व जेवतात, ती ‘बोर्डिंग स्कूल’ झाली. दुसरीकडे त्याच मेजाभोवती जेवणाऐवजी विचारविनिमयासाठी माणसे बसू लागली, तेव्हा त्या मंडळींनाही ‘बोर्ड’ म्हणू लागले. परीक्षा घेणारे मंडळ ‘बोर्ड’ ठरले, ते असे.

या शब्दाला आणखी एक, अगदी विरुद्ध बाजू आहे. जहाजाच्या कडेलाही जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’च म्हणत. त्यामुळे शत्रूच्या जहाजावर चढून हल्ला करणारा खलाशी, तोही ‘बोर्डर’! एकाच नावाने एक जण पाटीभर सामान घेऊन दारात उभा राहतो आणि दुसरा तलवार घेऊन जहाजावर उडी मारतो. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे मागचापुढचा मजकूर सांगतो.

‘बोर्डर’ला इंग्रजीत एक शेजारी शब्द आहे, तो म्हणजे ‘लॉजर’. त्याच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ पानाफांद्यांचा आडोसा, झोपडी असा होता. म्हणून लॉजर हा मुख्यतः निवाऱ्यासाठी आलेला. तो खोलीचे भाडे देई आणि आपल्या जेवणाची सोय आपण पाही. इंग्लंडमध्ये १८५१ च्या जनगणनेपासून घरातील प्रत्येक माणसाचे कुटुंबप्रमुखाशी काय नाते आहे, याची नोंद होऊ लागली. त्या नोंदवह्यांत पत्नी, मुलगा, नोकर यांच्याबरोबर ‘बोर्डर’ आणि ‘लॉजर’ असे दोन निराळे शब्द भेटतात. दोघेही पैसे देणारे, दोघेही परके. परंतु एक जण घराच्या मेजावर बसे, दुसरा बसत नसे. छप्पर एक असणे आणि पंगत एक असणे यांत अंतर आहे, हे त्या दोन शब्दांनी जपून ठेवले आहे.

हे अंतर किती मोठे असू शकते, हे महाराष्ट्राने चांगले अनुभवले आहे. इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘बोर्डिंग’ हा शब्द येथे आला आणि खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाला तो चिकटला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांमुळे असंख्य मुलांना शाळेची वाट मोकळी झाली. तरीही बहुतेक ठिकाणी प्रत्येक समाजाची पंगत वेगळीच होती.

त्या काळी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह १९०८ मध्ये सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना स्नान करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. माणसाला शिवल्याने माणूस विटाळतो, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती.

पुढे याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास स्वतःचे बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

या मुलांजवळ पैसे नव्हते. मग त्यांना ‘बोर्डर’ कसे म्हणावे? त्यांनी श्रमाने मोबदला दिला. पाणी भरणे, शेतात राबणे, दळण-कांडण, स्वयंपाक ही कामे त्यांनी वाटून घेतली. तरीही धान्य संपण्याची वेळ येई. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. अखेर मुलांच्या मुखात घास पडावा म्हणून मंगळसूत्रही दिले. हिशेबाच्या वहीत या देण्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

आज मुंबई-पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी ‘पेइंग गेस्ट’ म्हणून राहतात. या नव्या नावात पैसा आहे आणि पाहुणाही आहे. फळीची आठवण मात्र त्यात उरलेली नाही. काही घरांत त्यांना केवळ खोली मिळते, तर काही घरांत घरधनीण रात्री उशिरा येणाऱ्या मुलीसाठी ताट झाकून ठेवते. पहिल्या घरी ती मुलगी लॉजर असते आणि दुसऱ्या घरी, जुन्या अर्थाने, बोर्डर.

खोलीचे भाडे ठरविता येते, जेवणाचे पैसेही मोजता येतात. पण आलेल्या माणसाला आपल्या शेजारी बसवून घ्यावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगातील मुले रोज दोन वेळा एकमेकांशेजारी बसली, एकाच भांड्यातील भाकरी त्यांनी वाटून खाल्ली आणि मग आपापल्या गावी शाळा काढावयास निघाली.