महाड : ठरावापासून ओंजळीपर्यंत

महाडला जायचे ते २० मार्चलाच, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. त्या दिवशी क्रांतिभूमीवर माणसांचा सागर लोटतो, 'जय भीम'च्या घोषणांनी आसमंत दुमदुमतो. तो दिवस कुणी चुकवू नये. पण गर्दीच्या दिवशी गाव नीट पाहून होत नाही. तळ्याच्या काठी दोन घटका बसून विचार करायला सवड मिळत नाही. म्हणून गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या वस्तीतील महिला मंडळ आणि तरुण मंडळ मिळून आम्ही सव्वीस जण एका साध्या रविवारी महाडला निघालो. त्यात धुणीभांडी करणाऱ्या माता-भगिनी होत्या, सफाई खात्यातले बांधव होते, एक सेवानिवृत्त गिरणी कामगार होते आणि शाळेत जाणारी सात-आठ मुले होती.

पहाटेची एस.टी. पकडली. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव असा हा मुंबई-गोवा महामार्ग. याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटले तरी रेंगाळतच राहिले. धक्के खात खात मुलांनी डब्यातल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली. लोणेरे आले तेव्हा १९८९ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची पाटी सर्वांनी खिडकीतून वाकून पाहिली. पुढे महाड जवळ आल्यावर डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी दिसतात. भिक्खूंनी तिथे राहण्याच्या खोल्यांबरोबर पाण्याच्या पोढीही खोदून घेतल्या आहेत. जिथे माणूस राहील तिथे पाण्याची सोय आधी व्हावी, हे शहाणपण या भूमीत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच होते. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात पुढे माणसाला पाणी नाकारले गेले, ही इतिहासाची केवढी विटंबना!

एका मुलीचा प्रश्न

तळ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केले, त्रिशरण-पंचशील घेतले आणि पायऱ्यांवर बसलो. १९२७ च्या सत्याग्रहाची हकिगत आमच्यातल्या एका ताईंनी सांगितली. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, हे तळे कुणाचे होते?"

"नगरपालिकेचे."

"मग नगरपालिकेने परवानगी का नाही दिली?"

"दिली होती की! तीन वर्षे आधीच दिली होती."

मुलगी गप्प झाली. आम्हीही थोडा वेळ गप्प झालो. कारण या प्रश्नातच महाडचा एक मोठा धडा दडलेला आहे आणि तो आपल्या भाषणांतून फारसा सांगितला जात नाही. सत्याग्रहाने नवा हक्क मागितला नव्हता. जो हक्क कागदावर आधीच मिळाला होता, तो प्रत्यक्षात घेण्यासाठी बाबासाहेब आणि आपले पूर्वज या पायऱ्या उतरले होते.

कागदावरची तीन वर्षे

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ठराव झाला, दप्तरात नोंद झाली. आणि पुढे काय झाले? काहीच नाही. तळ्याचे पाणी जिथल्या तिथे राहिले आणि आपली माणसे तहानेली राहिली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांनी तिच्यासाठी परिश्रम घेतले. सार्वजनिक तळे गावात असताना परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे काय, हे आमच्या गिरणी कामगार बाबांनी मुलांना समजावून सांगितले. २० मार्चला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर आले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि हजारो ओंजळी पाण्यात उतरल्या. ठरावाचा अंमल त्या क्षणी झाला. तो सरकारने केला नाही, लोकांनी केला.

नंतरची हकिगत आपण जाणतो. परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या पडल्या. तळे बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून 'शुद्धी' करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या हाताने दिले त्याच हाताने काढून घेतले. ज्या नगरपालिकेत आपला आवाज नाही, तिचा ठराव किती दिवस टिकतो, हे यावरून कळावे.

हा आवाज त्यापूर्वीही एकदा दाबण्याचा प्रयत्न झाला होता. महाड परिसरातलेच गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा स्पृश्य सभासदांना ती सहन झाली नाही. एक अस्पृश्य आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, याची ही पोटदुखी! स्थानिक कारभारातल्या खुर्चीची किंमत विरोधकांना त्या काळीही कळत होती. आपल्याला ती आज तरी कळली आहे का?

कायद्याची वाट सोडली नाही

डिसेंबर १९२७ मध्ये हजारो लोक पुन्हा सत्याग्रहाच्या तयारीने महाडला जमले. पण विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा करून कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र कोर्टाच्या हुकमाचा मान राखून बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. जमलेली शक्ती मोठी होती, लोकांचा संताप रास्त होता. तरीही त्यांनी कायद्याची वाट सोडली नाही. दहा वर्षे कोर्टात झुंज दिली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची पुरातन वहिवाट विरोधकांना सिद्ध करता आली नाही.

म्हणजे हिशेब असा : १९२३ ला सरकारचा ठराव, १९२४ ला नगरपालिकेचा, १९२७ ला लोकांची ओंजळ आणि १९३७ ला कोर्टाचा शिक्का. चौदा वर्षे लागली. यातली एक कडी जरी निखळली असती, तरी पाणी मिळाले नसते. आतून ठराव करणारे हवेत, बाहेरून पाऊल टाकणारे हवेत आणि चिकाटीने कागद लढवणारेही हवेत. चांगला कारभार म्हणतात तो असाच उभा राहतो.

याच महाडच्या परिषदांत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, असे सांगितले. स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि मुलींना शिकवण्याचा उपदेश केला. हक्काची लढाई आणि घरादाराचे आरोग्य या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

पुलावर थांबलो तेव्हा

क्रांतिस्तंभाला वंदन करून आम्ही पोलादपूरच्या दिशेने सावित्री नदीवर गेलो. इथला ब्रिटिश काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. सगळ्यांचे मृतदेहसुद्धा हाती लागले नाहीत. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवा पूल खुला झाला. वर्षाच्या आत पूल बांधता येतो, हे तेव्हा दिसून आले. मग माणसे मरेपर्यंत थांबायचे कशासाठी? आमच्यातल्या एक मावशी, ज्यांचे यजमान एस.टी.त चालक होते, तिथे बराच वेळ कठड्याला हात लावून उभ्या होत्या.

२२ जुलै २०२१ ला महाड शहर पुराखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर नदीतला गाळ काढा, ही मागणी शहरातल्या नागरिकांनी लावून धरली आणि ते काम सुरू झाले. मागणी लावून धरल्याशिवाय हलत नाही ते सरकार, आणि लावून धरतो तो नागरिक. महाडची ही रीत आजही तीच आहे.

आपल्या हातातले ठराव

परतीच्या वाटेवर एस.टी.त चर्चा रंगली. १९२४ च्या ठरावासारखे कागदावर पडून असलेले किती ठराव आज आपल्या हातात आहेत, याची आम्ही यादीच केली.

गावात किमान चार ग्रामसभा वर्षाला व्हाव्यात आणि त्यांच्याआधी महिलांची वेगळी सभा व्हावी, असा कायदा आहे. आपल्या किती आया-बहिणी त्या सभेला बसतात? २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, ते त्याखाली ठरवून द्यावे लागते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाण्याचा हक्क आहे. चवदार तळ्याचाच हा पुढचा अध्याय नव्हे काय? आणि मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही, प्रशासकाने कारभार पाहिला. नगरसेवकच नाही, तर नळ बंद पडल्यावर जायचे कुणाकडे? आपल्या किती वस्त्यांतून याविरुद्ध आवाज उठला?

आमच्याच वस्तीचे उदाहरण एका ताईंनी दिले. सार्वजनिक संडासाची टाकी वर्षभर तुंबलेली होती. मुलांना जुलाब, तापाचे आजार पाठ सोडत नव्हते. तोंडी तक्रारी करून चपला झिजल्या. शेवटी पाच जणींनी माहितीचा अर्ज टाकला : दुरुस्तीसाठी किती पैसे मंजूर झाले, काम कुणाला दिले, ते कधी पुरे झाले? उत्तर यायच्या आधीच टाकी साफ करणारी गाडी दारात उभी राहिली! पण ताई तिथे थांबल्या नाहीत. दर रविवारी चार घरांनी मिळून संडासाची आणि गटाराची देखरेख करायची, अशी पाळी त्यांनी लावली. "कार्यालयाने करायचे ते कार्यालयाकडून करून घ्यायचे आणि आपण करायचे ते आपण करायचे. एकाचे निमित्त करून दुसरे सोडायचे नाही," असे त्या म्हणाल्या. या साध्या वाक्यात नागरिकशास्त्राचे आख्खे पुस्तक आहे.

बंधू-भगिनींनो, महाडला अवश्य जा. मुलाबाळांना घेऊन जा. तळ्याच्या पायरीवर बसून त्यांना ओंजळीची गोष्ट सांगा, पण त्याआधी ठरावाचीही सांगा. तीन वर्षे पडून राहिलेल्या कागदाची, विकत घ्याव्या लागलेल्या पाण्याची आणि दहा वर्षे चाललेल्या खटल्याची. आणि मतदार यादीत घरातल्या प्रत्येक प्रौढाचे नाव आहे की नाही, पुढची ग्रामसभा किंवा वॉर्डातली बैठक कोणत्या तारखेला आहे, एवढे दोन प्रश्न या आठवड्यात विचारा. तारीख कळली की शेजारणीलाही सांगा आणि दोघी मिळून जा. पुढच्या रांगेत बसा.