कुलपातली कविता

नालवाडीच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. रहस्यकथांचे मला भारी वेड. हरवलेले काव्य, विद्वानांची चढाओढ आणि शेवटी उलगडा!

असे रहस्य आपल्या विदर्भातच घडले, हे वर्गात कळले. महदंबेने तेराव्या शतकात ऋद्धपूरला 'धवळे' रचले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत जपले. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली, तेव्हा ते भांडार सर्वांना खुले झाले.

धवळे म्हणजे लग्नगीतेच. माझी आजीही हळदीला गाणी म्हणायची. त्यांना ना लिपी, ना कुलूप. आजीबरोबर तीही गेली. घरात लिहिता येणारी मी होते; पण तेव्हा मी रहस्यकथा वाचीत बसले होते.