माझ्या डिक्शनरीत बाबासाहेब नव्हते

माझे वडील सरकारी कार्यालयात लघुलेखक होते. मिनिटाला 100 शब्दांच्या वेगाची मराठी लघुलेखनाची परीक्षा पास होऊन राखीव जागेवर लागलेले. साहेबांची महत्त्वाची डिक्टेशन त्यांच्याकडेच यायची, कारण त्यांच्या कागदात चूक सापडत नसे. तरीही चहाच्या टेबलावर ते निवृत्तीपर्यंत ‘कोट्यातले’च राहिले. म्हणून न्यू जर्सीत मी कॅप्शनरची परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा मनात एकच हट्ट होता. इथे आडनाव कोणी विचारणार नाही, यंत्राला जात कळत नाही.

आधी हे काम काय ते सांगते. टीव्हीवर थेट बातम्या चालू असताना पडद्यावर वाक्यं उमटतात, ती अनेकदा एखादा माणूस त्याच क्षणी लिहीत असतो. त्याच्या स्टेनोटाइप यंत्राला जेमतेम 22 कळा. डाव्या बोटांनी सुरुवातीचं व्यंजन, अंगठ्यांनी स्वर, उजव्या बोटांनी शेवटचं व्यंजन, हे सगळं एकदम दाबायचं. एका दाबात एक उच्चार. मग संगणकातली डिक्शनरी त्या उच्चारांचे शब्द करते. ही डिक्शनरी ज्याची त्याने वाढवायची असते. ऐकू न येणाऱ्या माणसाला वादळाची सूचना इतरांबरोबरच कळावी, यासाठी ही धडपड. अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्याने टीव्हीवरच्या कॅप्शनची सक्ती आणली. ही कोणाची दया नाही, हक्क आहे.

नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशनची ‘सर्टिफाइड रिअलटाइम कॅप्शनर’ ही परीक्षा सांगायला सोपी आहे. 5 मिनिटं, मिनिटाला 180 शब्द, अचूकता 96 टक्के. म्हणजे 900 शब्दांत 36 चुका माफ, 37 वी झाली की नापास. मागे जाऊन दुरुस्ती करायची नाही. पहिल्या वेळी माझ्या 58 चुका झाल्या, दुसऱ्या वेळी 41.

त्याच दिवसांत, 21 फेब्रुवारी 2023 रोजी, सिएटलच्या नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घालणारा ठराव 6 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. मी त्या सभेचं रेकॉर्डिंग सरावाला लावलं. लोक बोलत होते, माझी बोटं चालत होती. मी पडद्याकडे पाहिलं आणि थांबले. ‘दलित’च्या जागी उमटलं होतं ‘डॉल इट’. आणि ‘आंबेडकर’च्या जागी तीन इंग्रजी शब्द : ‘ॲम बेड कार’. पलंग आणि गाडी!

बोटं चुकली नव्हती. उच्चार बरोबर होता. डिक्शनरीत ते शब्दच नव्हते. शाळेकडून मिळालेल्या शब्दांवर मी काम करत होते आणि त्यात आपण नव्हतो. मीही, बाबासाहेबांच्या लेकीने, ते कधी भरले नव्हते. त्या रात्री बसून भरले. आंबेडकर, दलित, बहुजन, महाड, चवदार तळं, नागपूर.

तिसऱ्या वेळी 29 चुका झाल्या आणि मी पास झाले. वडिलांना फोन केला. त्यांनी किती चुका झाल्या हे विचारलंच नाही. म्हणाले, “बाई, नावं बरोबर येतात ना आता?”

मित्रांनो, या प्रश्नात सगळं आहे. यंत्राला जात कळत नाही, हे खरं. पण यंत्राला तेवढंच कळतं, जेवढं कोणीतरी त्यात घातलेलं असतं. ‘गुणवत्ता’ नावाच्या गोष्टीचंही तसंच आहे. परीक्षेच्या 5 मिनिटांत मला कोणी जात विचारली नाही, पण त्या 5 मिनिटांमागे तीन वर्षांचा सराव होता. नवऱ्याच्या पगारावर घर चाललं म्हणून तो झाला. महागडं यंत्र आलं, दारामागे शांत खोली मिळाली. हे ज्याला मिळालं नाही, तो 37 व्या चुकीवर नापास होईल आणि लोक म्हणतील, याच्यात गुणवत्ता नव्हती. माझ्या वडिलांनी एका खोलीत, सहा माणसांत बसून 100 चा वेग गाठला. मग गुणवत्ता कोणाची मोठी?

म्हणून माझं सर्टिफिकेट मी ‘बघा, आरक्षणाशिवायही जमतं’ म्हणून कोणाला मिरवू देणार नाही. ते राखीव जागेवरच्या त्या नोकरीवरच उभं आहे. तिच्या पगारातून माझी फी गेली.

तरुणांनो, अशी कौशल्यं जरूर शिका. भाषांतर, लघुलेखन, कॅप्शन, संगणकाला मराठी शिकवण्याचं काम, जिथे जिथे शब्द ठरतात तिथे जाऊन बसा. संविधान सभेतलं बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण आज आपल्याला शब्दशः वाचता येतं, कारण कोणीतरी ते टिपून घेत होतं. टिपणारा हात आपला असेल, तर आपलं नाव पलंग आणि गाडी होणार नाही.

जय भीम!