खिडकीकडे तोंड करून

माझी थोरली बहीण अक्का हिची श्रवणशक्ती वार्धक्यात मावळली, तरी समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ताडण्याची विद्या तिने निष्ठेने संपादन केली. आणि म्हणूनच दर रविवारी मोबाइलवर स्वतःचे चित्रण करून मी तिला घरची खबर कळवू लागलो. पहिल्याच खेपेस तिची तक्रार आली: ‘तू बोललास खरा, पण तुझे तोंड कुठे होते?’

तक्रार रास्त होती. मी खिडकीला पाठ देऊन बसलो होतो. कॅमेऱ्याने आपले माप त्या झगझगीत चौकटीवरून घेतले आणि माझा चेहरा काळोखाच्या स्वाधीन केला. पुढल्या रविवारी छताचा दिवा लावला, तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर उतरली. मजकूर होता, पण त्यावर शाई सांडली होती.

मग मी खिडकीकडे तोंड करून, किंचित तिरपा बसलो. सूर्य कितीही विराट असला, तरी दूरत्वामुळे आकाशात तो एक लहानसा बिंदू असतो, आणि बिंदूएवढ्या उगमाची सावली सुरीसारखी धारदार पडते; तोच प्रकाश खिडकीवर टांगलेल्या पातळ पांढऱ्या धोतरातून गाळून घेतला की ते धोतरच विस्तीर्ण उगम बनते आणि सावलीच्या कडा विरघळतात. दुसऱ्या बाजूस खुर्चीवर पांढरी चादर पसरली, तिने परतवलेल्या उजेडाने अंधारा गाल उजळला. छताचा पिवळा बल्ब मात्र मालवला. दिवसाच्या उजेडाचे रंगतापमान सुमारे ५६०० केल्व्हिन, बल्बचे ३००० च्या आसपास, आणि दोहोंच्या मिश्रणाने एकाच चेहऱ्याचे दोन ऋतू होतात.

उजेड परतवणाऱ्या असल्या कापडाचा महिमा छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या १९५६ च्या चित्रपटात सिद्ध केला होता. काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले असता, त्या अंगणात वरून झिरपणारा निराकार उजेड कृत्रिम दिव्यांनी आणावा कसा, या विवंचनेतून त्यांनी माथ्यावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचे झोत खालून त्यावर सोडले. परतून आलेला प्रकाश आकाशाचाच वाटला.

तरीही सावलीचा संपूर्ण बीमोड करावा असे मला वाटत नाही. सर्व बाजूंनी सारखा उजेड पडला की चेहरा कागदासारखा सपाट होतो. ‘प’ म्हणताना मिटणारे आणि ‘ओ’ म्हणताना गोलावणारे ओठ अक्काला उमगतात, ते त्यांच्या कडेशी रेंगाळणाऱ्या अल्पशा छायेमुळेच. आपला चेहरा उजेडात ठेवणे यात मिरवणे नाही. दारी आलेल्या पाहुण्याच्या वाटेवर कंदील धरण्याचे जे अगत्य, तेच हे.

गेल्या रविवारी ही सर्व तजवीज करून मी अक्काला सांगितले, की परसातल्या कलमाला यंदा मोहोर उशिरा आला. संध्याकाळी तिचे उत्तर आले. त्यात उजेडाचा उल्लेखही नव्हता, माझ्या तोंडाविषयी अक्षर नव्हते. फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत कलमाला पाणी घालू नकोस, एवढा एकच हुकूम होता.