वस्तरा कुणाच्या हातात होता?

बी.ए.ला मायनर म्हणून फॉरेन्सिक सायकॉलॉजी घेतली, तेव्हा बीदरच्या घरी सगळ्यांची एकच समजूत: पोरगी आता चेहरा बघून खुनी ओळखणार! आणि इथं पहिल्याच धड्यांत ऑलपोर्ट आणि पोस्टमन हे मानसशास्त्रज्ञ निघाले. माझी तर झोपच उडाली.

या दोघांचं अफवांवरचं पुस्तक 1947 चं. प्रयोग अगदी साधा. चित्रात काय आहे ते एकानं दुसऱ्याला सांगायचं, त्यानं तिसऱ्याला, असं सहा-सात जणांपर्यंत. चित्र अमेरिकेतल्या भुयारी रेल्वेचं. गोऱ्या माणसाच्या हातात वस्तरा, समोर कृष्णवर्णीय माणूस. निम्म्याहून जास्त साखळ्यांमध्ये सांगता सांगता कुठंतरी तो वस्तरा कृष्णवर्णीय माणसाच्या हातात गेला! मुद्दाम थाप मारायची कुणाला गरजच पडली नाही. मनात आधीपासून बसलेलं तेवढं पुढं सरकलं.

वाचता वाचता मला मुरकी आठवली. आमच्याच जिल्ह्यातली, औरादकडची. 13 जुलै 2018 ला हैदराबादहून आलेल्या मित्रांच्या टोळक्यानं हंदिकेऱ्यात शाळेच्या पोरांना चॉकलेटं दिली. मुलं पळवणारे आले, अशी आवई उठली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप त्यांच्या गाडीच्या आधी मुरकीत पोचला, रस्ता अडवला गेला, आणि जमावाच्या मारहाणीत एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरचा जीव गेला. त्याआधी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं होतं. हातात वस्तरा कुणी दिला, सांगा!

तेव्हा 'अडाणी लोक' म्हणून सगळे मोकळे झाले. ऑलपोर्ट आणि पोस्टमन तसं सोडत नाहीत. गोष्ट किती जिव्हाळ्याची आणि माहिती किती धूसर, यांचा गुणाकार म्हणजे अफवेचा जोर, असं ते मांडतात. गुणाकार, बेरीज नव्हे! एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. आईबापांची काळजी काही शून्य होणार नाही. धूसरपणा मात्र पोलीस ठाण्याला केलेल्या एका फोननं घटू शकतो. एवढंसं सूत्र, पण मी ते दिसेल त्याला ऐकवत सुटलेय.

फॉरेन्सिक म्हटलं की बाबांचा प्रश्न ठरलेला: "मग ते मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीचं नार्को, औषध देऊन बोलतं करायचं?" त्याचंही उत्तर आपल्याच राज्याच्या नावावर आहे. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, सर्वोच्च न्यायालय, 2010. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग, काहीही माणसाच्या संमतीशिवाय करायचं नाही. संमतीनं केलं तरी ती उत्तरं थेट पुरावा म्हणून चालत नाहीत. बाबा जरा हिरमुसले. मी निकालपत्र पुन्हा उघडून बसले.

आता चित्र सांगत जायची ती साखळी मला वर्गात करून बघायचीय, एक मराठी बोलणाऱ्यांची, एक कन्नड बोलणाऱ्यांची. चित्र काढायला मैत्रीण तयार आहे. मॅडम म्हणाल्या, आधी प्रत्येकाची लेखी संमती आण.